मे महिन्याचे गवत: पेरलेले कुरण आणि मूळ माळरान यांचा चराईक्रम बदलण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतील पश्चिम नॉर्थ डकोटामधल्या एका कौटुंबिक रँचचे आहे. ओळख पटू नये म्हणून आकडे ठोकळ करून दिले आहेत आणि गावाचे नाव टाळले आहे. काळ पाच हंगामांचा आहे.

पार्श्वभूमी

कळप १८० गाय-वासरू जोड्या आणि ८ वळूंचा. गायी अँगस संकराच्या, मांस उत्पादनासाठी पाळलेल्या. वासरे मार्चच्या मध्यापासून जन्मायची आणि ऑक्टोबरच्या मध्याला विकली जायची. जमिनीचे तीन भाग होते: कधीही न नांगरलेले मूळ माळरान २,५६० एकर, जुने पेरलेले कुरण ३२० एकर आणि अल्फाल्फा (लसूणघास) आणि गवताची वैरणीची जमीन ४०० एकर. याशिवाय पड ठेवलेले जुने शेत १६० एकर. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिमी, त्यातला मोठा वाटा एप्रिल ते जुलैमध्ये.

पेरलेले कुरण क्रेस्टेड व्हीटग्रासचे. हे गवत वनस्पती संशोधक नील्स हॅन्सन यांनी १८९८ च्या सुमारास रशियातून अमेरिकेत आणले. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी शेते उजाड झाली, तेव्हा माती धरून ठेवायला हजारो एकरांवर हेच पेरले गेले. गवत चिवट आहे. त्या काळच्या पेरणीच्या ओळी काही ठिकाणी आजही डोळ्यांनी ओळखता येतात. माळरानावरची मूळ गवते वेगळी: वेस्टर्न व्हीटग्रास, ग्रीन नीडलग्रास, नीडल-अँड-थ्रेड आणि बुटके ब्लू ग्रामा.

या दोन्हींच्या स्वभावातला फरक हा सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. क्रेस्टेड व्हीटग्रास बर्फ गेल्यावर मूळ गवतांच्या दोन-तीन आठवडे आधी फुटते. मेमध्ये त्याच्या पानांत १८ ते २० टक्के प्रथिने असतात. पण जूनमध्ये ते पोटरीत येऊन निसवले, म्हणजे लोंब्या बाहेर आल्या, की दर्जा झपाट्याने घसरतो, फुलोऱ्यानंतर प्रथिने १० टक्क्यांखाली जातात आणि पिकल्यावर ५ टक्क्यांच्या आसपास उरतात. दूध देणाऱ्या गायीला १० ते ११ टक्के लागतात. म्हणजे हे गवत महिन्याभराचे. माळरान मात्र उशिरा तयार होते, पण वेगवेगळ्या जातींचे मिश्रण असल्यामुळे उन्हाळाभर टिकते.

रँचवर काय चालत होते

नेमके उलटे. ५ मेला सगळा कळप माळरानावर जायचा आणि १० नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे १९० दिवस तिथेच राहायचा. पेरलेल्या कुरणात गुरे जवळजवळ कधीच जात नसत, कारण तिथे पाणी नव्हते. ते जुलैत कापून गठ्ठे बांधायचे. तोपर्यंत गवत निसवून काडी झालेले. हिवाळ्यात गायी त्या गठ्ठ्यांतली पाने खाऊन काड्या तुडवत.

लक्षणे हळूहळू जमत गेली. हिवाळ्याआधी गायी रोडावलेल्या, शरीरस्थितीचा गुण ९ पैकी ४ च्या आसपास. प्रकरण सुरू होण्याआधीच्या शरद ऋतूत १८० पैकी १९ गायी रिकाम्या, म्हणजे गाभण नसलेल्या, निघाल्या. माळरानावर ब्लू ग्रामा आणि फ्रिंज्ड सेज ही जादा चराई सोसणारी झाडे वाढली, ग्रीन नीडलग्रास फक्त काटेरी झुडपांच्या आडोशाला उरले. ऑगस्टमध्ये पायाखाली जुन्या गवताचे आच्छादन नाही, उघडी माती. मालकांचा पहिला समज असा की पाऊस कमी झाला. त्यात तथ्य नव्हते असे नाही, पण शेजारच्या त्याच पावसातल्या माळावर गवत उभे होते.

मोजमाप: हिशेब कुठे चुकला

जुलैच्या शेवटी, गवताची वाढ शिगेला असताना कापून वजन केले. पद्धत साधी आहे आणि कुणालाही जमते. वसंतात तारेचे छोटे पिंजरे जमिनीवर ठेवायचे, म्हणजे आतले गवत गुरे खात नाहीत. इथे ३० ठेवले. नंतर प्रत्येकात चौथाई चौरस मीटरची चौकट ठेवून जमिनीलगत कापायचे, मागच्या वर्षीची करडी काडी वेगळी करायची आणि कागदी पिशवीत वाळवायचे. घाई असेल तर मायक्रोवेव्हमध्ये थोड्या थोड्या वेळाने, शेजारी पाण्याचा पेला ठेवून. पेला विसरला तर गवत पेट घेऊ शकते. वाळलेल्या गवताचे ग्रॅम गुणिले ४० म्हणजे हेक्टरी किलो. सरासरी ३१ ग्रॅम आले, म्हणजे हेक्टरी १,२४० किलो, एकरी साधारण ५००.

यातले गुरांच्या पोटात किती जावे? माळरानासाठी चौथा हिस्सा धरतात. निम्मे गवत झाडाच्या मुळांसाठी आणि मातीसाठी ठेवायचे. उरलेल्या निम्म्यातले निम्मे तुडवणे, शेण, कीटक यांत जाते. म्हणजे एकरी १२५ किलो, २,५६० एकरांवर ३,२०,००० किलो.

आता गरज. कुटुंब आजोबांच्या काळापासून एका जोडीला दिवसाला १२ किलो शुष्क चारा धरत होते. हा आकडा ४५० किलोच्या गायीचा आहे आणि तो बरोबर आहे. पण काट्यावर चढवल्यावर आताच्या गायी सरासरी ६१० किलोच्या भरल्या. वजनाच्या २.६ टक्के धरले तर १६ किलो. डोकी १८० च राहिली, पण खाणारी तोंडे तिसऱ्या हिश्शाने मोठी झाली होती, आणि कुणी गाय विकत घेतली नसल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात आले नाही. मोठे वळू आणि मोठ्या कालवडी निवडत गेल्याचा हा परिणाम. वळूंसह रोजची गरज सुमारे ३,००० किलो. तीन लाख वीस हजार भागिले तीन हजार: १०७ दिवस. गुरे राहत होती १९० दिवस. ऑगस्टनंतर वासरे स्वतः बरेच चरू लागतात, ते यात धरलेलेच नाही.

पण दिवसांच्या संख्येइतकीच प्रवेशाची तारीखही नडत होती. मूळ गवताच्या फुटव्याला साडेतीन नवी पाने येईपर्यंत ते मुळांतल्या साठ्यावर जगत असते. त्याआधी शेंडा खुडला की झाड पुन्हा साठ्यातून पान काढते, गुरे तेही खातात. पश्चिम नॉर्थ डकोटात साडेतीन पानांची अवस्था साधारण १ जूनला येते. ५ मेला गेलेला कळप तीन-चार आठवडे हिरवे शेंडे वेचत फिरत होता. त्यातून गायींचे पोटही भरत नव्हते आणि हंगामाचे उत्पादनही कापले जात होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, ४५ ते ५० गायी विकून बाकी सगळे तसेच ठेवायचे. माळरानाला तेवढाही दिलासा पुरला असता की नाही शंकाच होती, कारण मेमधला प्रवेश तसाच राहिला असता. दुसरा, उन्हाळ्यासाठी चराई भाड्याने घेणे. आसपास मिळत होती, पण दरवर्षी मिळेल याची हमी नव्हती आणि वाहतुकीचा खर्च वेगळा.

तिसरा पर्याय एका सल्लागाराने सुचवलेला: माळरानातले ४०० एकर नांगरून जास्त उत्पादन देणारे गवत पेरायचे. कागदावर हा सर्वांत आकर्षक दिसतो. तो नाकारला गेला आणि ते योग्यच झाले. पेरलेले कुरण हवे तेव्हा मोडता येते. शेकडो वर्षांत जमलेली मूळ गवते, त्यांची मुळे आणि त्यांच्यातला हंगामांचा समतोल मात्र एकदा नांगरला की कुणाच्या हयातीत परत येत नाही. शिवाय ३२० एकर पेरलेले गवत हाताशी असून वापरले जात नव्हते. आणखी पेरून तोच प्रश्न वाढला असता.

चौथा पर्याय क्रम बदलण्याचा: मेमध्ये क्रेस्टेड व्हीटग्रास, जूनपासून माळरान, शरदात तिसरे काहीतरी. नॉर्थ डकोटातल्याच डिकिन्सनच्या संशोधन विस्तार केंद्रात असा वर्षभराचा चराईक्रम अनेक वर्षे अभ्यासला गेला आहे, त्यामुळे दिशा नवी नव्हती. हिशेब असा बसला: मेअखेर पेरलेल्या कुरणात एकरी सुमारे ४२५ किलो उभे गवत. या गवताला निम्मी चराई सोसते, म्हणून ३२० एकरांवर ६८,००० किलो. १६० जोड्या आणि वळू मिळून रोज २,७०० किलो, म्हणजे २५ दिवस: ७ ते ३१ मे. पुढे माळरानावर १ जून ते २५ सप्टेंबर, ११७ दिवस.

म्हणजे क्रम बदलूनही १८० गायी बसत नव्हत्याच. कुटुंबाला हे पचायला सर्वांत जड गेले. शेवटी रिकाम्या निघालेल्या १९ आणि एक लंगडी अशा २० गायी त्या शरदातच विकल्या.

किंमत आणखी एक होती. कुरण चरले म्हणजे तिथली जुलैची वैरण गेली, साधारण १६० टन. पण ती ५-६ टक्के प्रथिनांची काडी होती. तेवढेच गवत मेमध्ये गायीने स्वतः उभ्याने खाल्ले तर त्यात तिप्पट प्रथिने, आणि कापणी, गठ्ठे, ओढणी यांचा खर्च शून्य.

पहिले वर्ष: पाण्याविना कुरण आणि दोन गायी

कुरणात पाणी नेण्यासाठी घराच्या विहिरीपासून २.१ किमी पाइप टाकायचा ठरला. केंद्रीय कृषी खात्याच्या पर्यावरण प्रोत्साहन योजनेतून पाइप, हौद आणि मधल्या कुंपणासाठी खर्चाचा वाटा मिळतो. अट अशी की करारावर सही होण्याआधी खोदकाम सुरू करायचे नाही. केले तर मदत जाते. करार पहिल्या वसंतापर्यंत झाला नाही. तरीही थांबायचे नाही असे ठरले आणि रस्त्यालगतच्या एका कोपऱ्यात टाक्या ठेवून ट्रकने पाणी आणले. मेमध्ये एका जोडीला दिवसाला ६० लिटरच्या आसपास लागते, म्हणजे १६० जोड्यांना ९,६०० लिटर.

हा निर्णयाचा पहिला टप्पा होता आणि मागे वळून पाहता तो चुकला. पाणी एका कोपऱ्यात, कुंपण मध्ये नाही, त्यामुळे गायी जवळचे शंभर-सव्वाशे एकर टकली करत राहिल्या आणि लांबची बाजू निसवून गेली. क्रेस्टेड व्हीटग्रास झुपक्यात वाढते. एकदा झुपक्यात जुन्या काड्या उभ्या राहिल्या की पुढच्या वर्षी गाय त्यात तोंड घालत नाही. काड्या नाकाडोळ्यांत टोचतात. असे म्हातारे ठोंब वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि गायी शेजारचा कोवळा झुपका पुन्हा पुन्हा खुडतात. पहिल्याच वर्षी निम्मे कुरण ठोंबांचे झाले.

त्यात आठव्या आणि नवव्या दिवशी दोन गायी मेलेल्या सापडल्या. दोन्ही पाचव्या-सहाव्या वितातल्या, भरपूर दुधाच्या. पायांपाशी माती खरवडलेली. पशुवैद्यांनी ग्रास टेटनी सांगितली, म्हणजे रक्तातले मॅग्नेशियम अचानक घसरणे. थंड, ढगाळ वसंतात भरभर वाढणाऱ्या गवतात पोटॅशियम आणि नत्र जास्त, मॅग्नेशियम कमी असते. पोटॅशियममुळे असलेले मॅग्नेशियमही नीट शोषले जात नाही. गायीच्या शरीरात लगेच वापरता येईल असा त्याचा साठा नसतो, म्हणून ते रोजच्या रोज पोटात जावे लागते. म्हाताऱ्या गायींना हाडांतून ते काढणे आणखी जड. मार्चच्या मध्यात व्यालेल्या गायींचे दूध मेच्या मध्यात शिगेला असते, म्हणजे धोका आणि गरज एकाच आठवड्यात. भरीस भर म्हणून कुटुंबाने एप्रिलमध्ये त्या कुरणाच्या अर्ध्या भागात एकरी १८ किलो नत्र टाकले होते. दोन्ही गायी त्याच भागात मेल्या.

खनिज मिश्रण दिले नव्हते असे नाही. मॅग्नेशियम असलेले मिश्रण गायी सोडल्या त्याच दिवशी ठेवले होते. पण कुरणाच्या कुंपणालगत पांढऱ्या मिठाच्या जुन्या चाटण विटा पडलेल्या होत्या. मॅग्नेशियम ऑक्साइड कडवट लागते. गायींना मीठ दुसरीकडे मिळाले, त्यांनी कडू मिश्रणाला तोंड लावले नाही. पिशवीवरच्या टक्केवारीपेक्षा गव्हाणीतून रोज किती कमी झाले हे मोजायचे असते. ते कुणी मोजले नव्हते.

दुसरे वर्ष: दुरुस्ती

मॅग्नेशियमसाठी पुढची पद्धत ठरली आणि ती नंतर बदलली नाही. गायी सोडण्याच्या तीन आठवडे आधी, गोठ्याजवळच मिश्रण सुरू. त्यात मॅग्नेशियम १२ ते १४ टक्के, सोबत मीठ आणि चवीला वाळवलेली मळी. दर गायीमागे रोज ११५ ग्रॅम पोटात जायला हवे. त्यातून १४ ते १६ ग्रॅम मॅग्नेशियम मिळते. मिठाचे इतर सगळे स्रोत उचलून ठेवायचे. दर तीन दिवसांनी वजन. खप कमी दिसला तर मळी वाढवायची, जास्त दिसला तर मीठ. नत्र बंद केले. कान फडफडणे, ताठर चाल, मान वर करून बिथरणे असे काही दिसले तर गायीला पळवायचे नाही. धावपळीतच ती कोसळते. पशुवैद्य शिरेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम सावकाश देतात. चार वर्षांत एक गाय पडली, ती वाचली.

करार झाल्यावर पाइप टाकला. ३२ मिमीचा स्वस्त पडत होता, पण २ किमीवर मिनिटाला २० लिटर न्यायचे तर घर्षणातच ३० मीटरच्या आसपास दाब जातो. म्हणून ४० मिमीचा घेतला. हिवाळ्यात तिथे गुरे नसल्यामुळे गोठणरेषेखाली पुरण्याऐवजी उथळ पुरला आणि ऑक्टोबरच्या आधी हवेच्या दाबाने रिकामा करायचा असे ठरवले. एका वर्षी हे आठवडाभर लांबले आणि दोन सांधे फुटले. हौद ४,५०० लिटरचा, खाणीतल्या ट्रकच्या जुन्या टायरचा. टायर गोठले तरी फुटत नाहीत आणि वळू त्यावर अंग घासला तरी हलत नाहीत.

कुरणाचे दोन भाग झटका तारेने केले, हौद मध्यरेषेवर. वासरे सोबत असल्यामुळे दोन तारा. प्रत्येक भागात १२-१३ दिवस. पहिला भाग तीन पाने आली की लगेच, थोडा लवकर वाटला तरी; क्रेस्टेड व्हीटग्रासला ते सोसते आणि उशीर केला तर दुसरा भाग हाताबाहेर जातो. दरवर्षी सुरुवातीचा भाग बदलायचा. ठोंबांसाठी एक शरद खर्ची घातला: वासरे आईच्या दुधावरून तोडल्यावर गायींना प्रथिनांच्या पेंडीसह त्या भागात दाटीने ठेवले. निम्म्या काड्या तुटल्या आणि उरलेल्या यंत्राने १५ सेंमीवर छाटल्या. पुढच्या मेमध्ये गायी सगळीकडे फिरल्या.

झटका तारेबद्दल एक सूचना. मेमध्ये ओल असते, झटका छान बसतो. तीच तार ऑगस्टच्या कोरड्या माळावर नेली तर काम करत नाही, कारण कोरडी माती झटक्याचे वर्तुळ पूर्ण करत नाही. यंत्राला दोष देऊन ते बदलण्याआधी जमिनीत ठोकलेल्या सळया वाढवाव्यात, किंवा एक तार परतीची ठेवावी.

माळरानाचे तीन तुकडे

माळरान तीन भागांत वाटले. १ जूनपासून प्रत्येकात १५ दिवस, मग दुसऱ्या फेरीत प्रत्येकात २४ दिवस, एकूण ११७. आदल्या वर्षी शेवटी चरलेला भाग पुढच्या वर्षी पहिला. मिठाच्या विटा पाण्यापासून ८०० मीटर दूर, उंचवट्यावर; गायी मिठासाठी तिथवर जातात आणि वाटेतले गवतही चरतात.

इथे एक स्पष्ट बोलणे भाग आहे. फेरचराईचे, म्हणजे गुरे असे भाग बदलत चारण्याचे, कौतुक बरेच होते. पण एकरी भार सारखा ठेवून केलेल्या अनेक चराई प्रयोगांत फेरचराईचा सतत चराईवर उत्पादनात खात्रीचा फायदा दिसलेला नाही. या रँचवरही सुधारणेचे श्रेय मुख्यतः १ जून ही तारीख आणि २० गायी कमी होणे यांना जाते. कुंपणाने चराई सारखी पसरवायला आणि गुरे डोळ्यांसमोर ठेवायला मदत झाली, इतकेच. ज्यांच्याकडे कुंपणाला पैसे नाहीत त्यांनी निदान तारीख बदलावी. ती फुकट आहे.

शरदाचे गवत आणि फसलेली पेरणी

२५ सप्टेंबरनंतर दीड महिना उरत होता. वैरणीच्या जमिनीवरचा दुसरा फुटवा चार आठवडे पुरायचा. त्यात अल्फाल्फा असल्याने कडक हिम पडून फुटवा सुकेपर्यंत पोटफुगीच्या भीतीने थांबायचे. उरलेल्या १८ दिवसांसाठी १६० एकर पड शेतात रशियन वाइल्डराय हे गवत पेरायचे ठरले. त्याची पाने बुंध्याशी असतात आणि वाळल्यावरही दर्जा बराच टिकवतात. वासरू तोडलेल्या गाभण गायीला ७ टक्के प्रथिने पुरतात, तेवढी त्यात सापडतात.

दोष हा की रोप फार दुबळे. एकरी २.७ किलो बी, ओळींत ६० सेंमी अंतर, खोली दीड सेंमी. पहिल्या पेरणीत जमीन भुसभुशीत राहिली, यंत्राचे फाळ खाली बसले, बी तीन-चार सेंमी खोल गेले. निम्मे शेत उगवलेच नाही. खात्री करायची सोपी रीत: पेरणीआधी शेतात चालायचे, बुटाचा ठसा सेंटिमीटरपेक्षा खोल उमटला तर आधी रोलर फिरवायचा. दुसऱ्या वर्षी रोलर फिरवून पुन्हा पेरले. चरायला तिसरे वर्ष पूर्ण व्हावे लागले. एवढा वेळ लागतो हे आधी धरले असते तर मधल्या शरदांसाठी वैरण वेळेत आणि स्वस्तात घेता आली असती.

तिसरे वर्ष: दुष्काळ

एप्रिल ते जूनचा पाऊस नेहमीच्या निम्म्याच्या आसपास झाला. या प्रदेशात थंडी मानवणारी गवते आपली बहुतेक वाढ जुलैच्या सुरुवातीपर्यंत उरकतात; नंतरच्या पावसाने माळ हिरवा दिसतो, गवत फारसे वाढत नाही. म्हणून जूनच्या मध्याला जे दिसते त्यावरच वर्षाचा निर्णय घ्यावा लागतो. कुटुंबाने योजनेत तसे लिहिलेही होते: १५ जूनपर्यंत पाऊस तीन चतुर्थांशाखाली असेल तर गुरे कमी करायची.

१५ जून आला. घरातल्या दोघांचे मत विकण्याचे, एकाचे थांबण्याचे. थांबले. २० जुलैला १५ गायी विकल्या. तोवर सगळेच विकत होते आणि भाव पडले होते. पाच आठवड्यांत त्या गायींनी माळरानातून खाल्लेले साधारण ८,००० किलो गवत पैशांत मोजले तर तोटा आणखी दिसतो. नियम लिहिलेला होता, पण कोणत्या गायी आधी जाणार हे लिहिले नव्हते, आणि वाद तिथेच अडला. पुढच्या वर्षापासून मार्चमध्येच यादी होते: उशिरा विणाऱ्या, दहा वर्षांपुढच्या, सडांचे दुखणे असलेल्या.

एक निर्णय मात्र वेळेत झाला. २० ऑगस्टला वासरे तोडली, ऑक्टोबरची वाट न पाहता. थोरली वासरे पाच महिन्यांची होती. दूध आटल्यावर गायीची भूक आणि गरज दोन्ही उतरतात, वासरांचे चरणेही माळावरून जाते. बदल्यात वासरांना १४ ते १६ टक्के प्रथिनांचा खुराक द्यावा लागला. गायी हिवाळ्यात ५ गुणावर गेल्या, दुष्काळ असूनही.

त्याच उन्हाळ्यात मधल्या भागातल्या शेततळ्याने दगा दिला. पाणी आटत गेले तसे सल्फेट वाढले; ऑगस्टमधल्या तपासणीत लिटरला ३,००० मिलीग्रॅमच्या वर. एक कालवड आंधळ्यासारखी अडखळत मेली. हातातल्या स्वस्त मीटरवर एकूण क्षार दिसतात, सल्फेट दिसत नाही. पण आकडा जूनच्या दुप्पट झाला की नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हा इशारा त्यातून मिळतो. नंतर त्या भागातही पाइप नेला आणि तळ्याला कुंपण घातले.

पाच वर्षांनंतर

चौकटीतले गवत ३१ वरून ३८ ग्रॅमवर गेले, म्हणजे एकरी सुमारे ६१५ किलो. पाचव्या वर्षीचा पाऊस चांगला होता, त्यामुळे वाढीचा सगळा भाग व्यवस्थापनाच्या खात्यावर टाकणे खोटेपणाचे होईल. जास्त विश्वासार्ह खूण पायाखालची: ऑक्टोबरमध्ये आच्छादन दिसते, उघडी माती कमी. जातींचे मिश्रण मात्र फारसे हललेले नाही. वेस्टर्न व्हीटग्रास जमिनीखालच्या खोडांनी सरकत थोडे पसरले, ग्रीन नीडलग्रास कुठे कुठे परतले, ब्लू ग्रामाची चादर तशीच आहे.

दुष्काळानंतर कळपात कालवडी राखून चौथ्या वर्षी पुन्हा १६० गायी झाल्या; त्या वर्षी रिकाम्या ९ निघाल्या. वळू सोडण्याची तारीख ५ जूनवरून २६ जूनवर नेली, म्हणजे विणे एप्रिलमध्ये गेले आणि दुधाचा कळस जूनच्या माळरानावर आला. टेटनीचा धोका त्यानेही कमी झाला.

काय वेगळे करता आले असते

पाणी आधी, गुरे नंतर. पहिल्या वर्षी फक्त १०० एकर तात्पुरत्या तारेत घेऊन ७-८ दिवस चारले असते आणि बाकीचे कुरण एकदा शेवटचे कापले असते, तर ठोंब झाले नसते. मिठाच्या विटा उचलायला कुणालाही अर्धा दिवस पुरला असता. गायींचे वजन दहा वर्षांपूर्वी केले असते तर माळरानाची एवढी झीज झाली नसती. आता कालवडी निवडताना ५५० किलोच्या आत भरणाऱ्या मायांच्या निवडतात, पण कळप हलका व्हायला आणखी सात-आठ वर्षे जातील.

एक प्रश्न अजून मोकळा आहे. क्रेस्टेड व्हीटग्रासचे बी वाऱ्याने आणि शेणातून मूळ माळरानात शिरते, एकदा रुजले की मागे हटत नाही. पेरलेल्या कुरणाला लागून असलेल्या भागात कुंपणापासून ३० मीटरपर्यंत त्याचे झुपके दिसू लागले आहेत. मेमध्ये नीट चरले तर निसवण कमी होते आणि बीही कमी पडते, म्हणून सध्या कुंपणालगतची पट्टी मेच्या अखेरीस पुन्हा एकदा दाटीने चारतात आणि राहिलेल्या लोंब्या जूनमध्ये छाटतात. माळरानात शिरलेल्या झुपक्यांवर एकेक करून तणनाशक पुसायचे की तो तीस मीटरचा पट्टा गेला असे धरायचे, यावर घरात एकमत झालेले नाही.